अण्णांच्या वहीतला सातवा प्रश्न

नाशिकला येऊन आठ दिवस झाले. बाहेर जुलैचा पाऊस धरून बसलाय. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, याचे फोन रोज सकाळी सुरू होतात. काल दुपारी खालच्या मजल्यावरची सून चहाला आली होती. तिच्या नवऱ्याला स्वीडनमधल्या एका कंपनीची ऑफर आली आहे. कप हातात घेतल्या घेतल्या तिने विचारलं, "ताई, थंडी किती असते हो तिकडे?"

२०२३ मध्ये मीही भेटेल त्याला हेच विचारत होते. माझ्या नवऱ्याला फिनलंडमधल्या वासा या गावात नोकरी लागली होती. तो विजेच्या क्षेत्रातला, अंबडच्या एमआयडीसीत बारा वर्षं काढलेला. वासात विजेची यंत्रं आणि मोठी इंजिनं बनवणारे कारखाने बरेच आहेत, त्यामुळे त्याच्यासाठी ते सरळच होतं. सासूबाईंना गावाचं नाव एका फटक्यात पाठ झालं, घराचा वासा. मी शाळेत भूगोल शिकवत होते, लेक सहा वर्षांचा होता आणि घरात अण्णा आणि आई, म्हणजे माझे सासू-सासरे. असा आमचा संसार.

थंडीची मला खरं तर भीती नव्हती. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. महाराष्ट्रात पारा सगळ्यात खाली गेल्याची बातमी आली की तीत बहुतेक वेळा निफाड असतंच. पारा पाचाच्या खाली गेला की रात्री दोनला वडील द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला निघायचे, पहाटे विहिरीचं कोमट पाणी बागेला सोडायचे. पानांवरचं दव गोठून पांढरं झालेलं मी लहानपणापासून पाहिलंय. तेव्हा उणे वीस म्हणजे निफाडपेक्षा पंचवीस अंश जास्त थंड, एवढं गणित करून मी शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून चार स्वेटर आणले आणि आपली तयारी झाली असं समजले.

अण्णांची तयारी वेगळी होती. ते सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. कोणतीही गोष्ट वहीत उतरवल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. त्यांनी शंभर पानी वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून काढले आणि एका रविवारी आम्हा दोघांना समोर बसवलं. हातात पगार किती येणार. घरभाडं किती. पोराची शाळा. दवाखाना. कपडालत्ता. जेवणखाण. सातवा प्रश्न होता, "सूनबाई दिवसभर काय करणार?" आणि आठवा, "आम्ही आजारी पडलो तर?"

पहिल्या सहा प्रश्नांपुढे नवऱ्याने आकडे, नावं, सगळं व्यवस्थित लिहिलं. सातव्यापुढे लिहिलं, "बघू." आठवा त्याने कोरा सोडला.

पुढे जे लिहितेय ते त्या "बघू"मुळे लिहितेय. खालच्या सुनेला मी काल तेच सांगितलं. ज्याच्या हातात नोकरी असते त्याचं तिथे निभतं. सकाळी उठायचं कारण त्याला असतं, बोलायला माणसं असतात, दिव्यांनी उजळलेलं ऑफिस असतं. थंड देशात जायचं की नाही हे ठरवताना आधी विचार करायचा तो दुसऱ्या माणसाचा, जो बरोबर जातो आणि घरात राहतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण ते काम किचकट असलं तरी होतं. आमचं अडलं ते नावावर. पासपोर्टवर माझं माहेरचं आडनाव, विवाहाच्या दाखल्यावर सासरचं, आणि त्या दाखल्यात माझ्या नावात एक अक्षर जास्तीचं. एजंटने फाइल तशीच पुढे ढकलली आणि ती परत आली. दुरुस्ती करून नवा दाखला, मग त्यावर अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, यात दोन महिने गेले. ऑफर यायच्या आधीच घरातल्या सगळ्यांची नावं सगळ्या कागदांवर अक्षरन् अक्षर जुळतात का, ते एकदा पाहून ठेवा. बाकी अर्ज ऑनलाइन भरता येतो, बोटांचे ठसे द्यायला जावं लागतं आणि वाट पाहावी लागते.

या दोन महिन्यांमुळे झालं काय, की नवरा ऑगस्टमध्ये पुढे गेला आणि आम्ही दोघं मागे राहिलो. ऑक्टोबरमध्ये तिथे राहायचा परवाना हातात आला तेव्हा आई म्हणाल्या, "आता दिवाळी तोंडावर आलीये, दिवाळी करून जा." त्यांचं मन मोडणं मला शक्य नव्हतं आणि मलाही दिवाळी हवीच होती. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं, भाऊबीज झाली आणि त्याच आठवड्यात आम्ही निघालो.

हेलसिंकीहून वासा रेल्वेने चार तासांवर. दुपारी साडेतीनच्या सुमाराला खिडकीबाहेर झाडं दिसेनाशी झाली. लेकाने विचारलं, "आई, बोगदा आला का?" कसारा घाटाची सवय पोराला. मी म्हटलं, येईल संपत. तो काही संपला नाही. वासाला उतरलो तेव्हा चार-सव्वाचार वाजले असतील. नाशकात त्या वेळी शाळा सुटून मुलं मैदानावर असतात. इथे रस्त्यावरचे सगळे दिवे लागलेले होते.

मी इतकी वर्षं वर्गात पृथ्वीचा गोल हातात धरून साडेतेवीस अंशांचा कल शिकवला. ६३ अक्षांशावर डिसेंबरात दिवस किती तासांचा, हे मला वही न उघडता सांगता आलं असतं. पावणेपाच तासांहूनही कमी. सूर्य सव्वादहाला उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. पण त्यात राहणं हा भाग पाठ्यपुस्तकात नव्हता. एक साधी गोष्ट करून बघा. हात समोर ताठ करा आणि दोन बोटं आडवी क्षितिजाला टेकवा. २१ डिसेंबरला भर दुपारी वासातला सूर्य तेवढाच वर असतो, साडेतीन अंश. त्याच दिवशी नाशकात तो साडेशेचाळीस अंश वर असतो. ढग नसलेच, तर त्या दोन बोटांवरच्या सूर्यामुळे माणसाची सावली उंचीच्या सोळापट लांब पडते. आमच्या चिरंजीवांची सावली बालवाडीचं अंगण ओलांडून पलीकडच्या भिंतीवर चढलेली मी पाहिली आहे. आणि बहुतेक दिवस ढग असतातच.

तर दिवस असे जायचे. नवरा सकाळी साडेसातला अंधारात बाहेर पडायचा. साडेआठला मी लेकाला सोडायला जायचे, अंधारातच. घरी येऊन भांडी, स्वयंपाक. अकराला बाहेर उजेड असायचा, पण तोवर मला बाहेर जायचं त्राण नसायचं. जरा पडते म्हणायचे आणि उठायचे तेव्हा पुन्हा अंधार. नाशिकची वेळ हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असते. आई व्हिडिओ कॉल करून गच्चीवर वाळत घातलेली हळकुंडं दाखवायच्या, आणि त्या हळकुंडांवर पडलेलं ऊन पाहून मला रडू यायचं. त्यांना वाटायचं पोरीला घराची आठवण येते. आठवण यायचीच, पण जास्त ते ऊन बघवायचं नाही. त्या काळात मी लेकावर विनाकारण ओरडले आहे. नवऱ्याशी चार-चार दिवस बोलले नाही. याला नाव आहे, हिवाळ्यातलं नैराश्य. तिथे डॉक्टरांना आणि शेजाऱ्यांनाही ते ठाऊक आहे, त्यावर उपाय आहेत. मला ते कुणी निघायच्या आधी सांगितलं नव्हतं, आणि मी ते कुणाला विचारलंही नव्हतं, कारण मी थंडीबद्दल विचारत बसले होते.

थंडीचं म्हणाल तर ऐकून नवल वाटेल, घरात मला निफाडलाच जास्त थंडी वाजायची. माहेरी बाहेर सहा अंश असलं की माजघरात दहा-बारा असायचं आणि अंघोळीचं पाणी डोक्यावर घेताना जीव जायचा. वासात बाहेर उणे वीस असताना घरात एकवीस. खिडक्यांना काचांचे तीन थर, आणि गावाच्या केंद्रात तापवलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून घराघरांत फिरतं. घरात मी सुती कुर्ता घालून वावरते. त्रास होतो तो कोरड्या हवेचा. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या कडीला हात लावला की विजेचा चटका बसतो. खोबरेल तेल बरोबर न्यावं, भरपूर न्यावं.

बाहेरचा पहिला उणे वीसचा दिवस मला नीट आठवतो. पहिल्याच श्वासाला नाकातले केस एकमेकांना चिकटले. आत कुणी चिमटा लावल्यासारखं वाटलं. पापण्यांवर पांढरी कड धरली. पायाखालचं बर्फ कच्च्या साबुदाण्याच्या पोत्यावर चालावं तसं करकरत होतं, आणि फोटो काढायला फोन बाहेर काढला तर चाळीस टक्के चार्ज असलेला फोन हातातच बंद पडला. आणि तरी तो दिवस सुंदर होता. आकाश कोरं, हवा थांबलेली. कपडे नीट असतील तर उणे वीसमध्ये माणूस मजेत तासभर चालतो.

कपडे नीट म्हणजे काय, हे मला लेकाच्या बालवाडीने शिकवलं. तिथे मुलांना रोज बाहेर खेळायला काढतात, बर्फ असो की पाऊस. पहिल्या दिवशी मी त्याला सुती बनियन, त्यावर सुती शर्ट, त्यावर तिबेटियन मार्केटचे दोन स्वेटर आणि जाड जॅकेट घालून पाठवलं. संध्याकाळी शिक्षिका मला शांतपणे बाजूला घेऊन गेल्या आणि त्याचं बनियन माझ्या हातात दिलं. ओलं होतं, पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. पोर धावलं, घामेजलं, सुताने तो घाम धरून ठेवला, आणि उभं राहिल्यावर तेच ओलं कापड अंगावर गार पडलं. त्यांनी मला एकेक थर दाखवला. अंगालगत पातळ लोकरीचं, कारण ती ओली झाली तरी ऊब सोडत नाही. त्यावर फ्लीस, म्हणजे हलकं, मऊ केसाळ कापड. त्यावर वारा आणि पाणी अडवणारा अखंड पोशाख, त्याला हालारी म्हणतात. हातमोजे प्रत्येक बोटाला वेगळं घर नसलेले बरे, चारही बोटं एकत्र राहून एकमेकांना ऊब देतात. मोजे दोन घालून बूट घट्ट करायचा नाही. बुटात पायाभोवती थोडी हवा खेळायला हवी, तीच पाय गरम ठेवते. म्हणून बूट एक-दीड नंबर मोठा घ्यायचा. आणि प्रत्येक कपड्यावर आत नाव लिहायचं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जाडजूड जॅकेट इथून विकत नेऊ नका. त्या पैशात तिथे जुन्या कपड्यांच्या बाजारात लेकाचा जवळजवळ नवा हालारी मिळतो, कारण मुलं वर्षात वाढतात आणि कपडे फाटायच्या आत आखूड होतात. बॅगेत त्या जागी मसाला, कुर्डया, पोह्याचा चिवडा, पुरणयंत्र न्या. तूप मात्र नेता येत नाही. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, श्रीखंड सगळं त्यात आलं. आईंनी कढवून दिलेली दोन किलोंची बरणी मी निघायच्या आदल्या रात्री काढून ठेवली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता पडण्याबद्दल. नवख्याला वाटतं की जितकी थंडी जास्त तितकं घसरडं. तसं होत नाही. उणे पंधरात बर्फ खरखरीत असतं, पाय धरून ठेवतं. धोका शून्याच्या आसपास असतो. दिवसा वितळतं, रात्री गोठतं आणि सकाळी रस्त्यावर काच पसरल्यासारखी होते. वरून पातळ पावसाचा थर आला तर बघायलाच नको. डिसेंबरात असंच एकदा लेकाला सोडून परत येताना मी पडले. हात टेकला आणि मनगटाचं हाड चिरलं. पाच आठवडे प्लास्टर. पोळ्या नवऱ्याने लाटल्या. नंतर कळलं की तिथलं हवामान खातं पायी चालणाऱ्यांसाठी घसरडेपणाचा इशारा वेगळा देतं आणि बुटांच्या तळाला लावायचे खिळ्यांचे पट्टे कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजी ते लावून रोज चालायला जातात. आल्या आल्या पहिल्या दिवशी हे पट्टे घ्या, आणि त्यांच्याबरोबर रिफ्लेक्टर. जॅकेटच्या खालच्या कडेला लोंबणारी ती चकाकती पट्टी नसेल तर अंधारात गाडीवाल्याला माणूस दिसतच नाही. तिथे लहानथोर सगळे ती लावतात, आणि पादचाऱ्याने अंधारात ती लावावी असा नियमच आहे.

घर बघताना आपण भाडं विचारतो, बसस्टॉप विचारतो. तिथे आधी विचारायचं की घर तापतं कशावर. आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब रो-हाउसमध्ये राहत होतं. नाशिककराला रो-हाउस म्हटलं की बरंच वाटतं. त्यांचं घर थेट विजेवर तापायचं आणि विजेचा करार बाजारभावाचा होता, म्हणजे तेव्हा दर तासाला दर बदलायचा. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात कडाका पडला. उत्तरेला लॅपलंडमध्ये पारा उणे चाळीसच्याही खाली गेला. ५ जानेवारीच्या संध्याकाळी वीज युनिटला करासह सव्वादोन युरोंच्या वर गेली. एरवी तो दर काही सेंटांत असतो. त्या कुटुंबाने ती संध्याकाळ एका खोलीत, दिवे मालवून, मुलांना रजयांत गुंडाळून काढली. आमच्या इमारतीचं तापवणं भाड्यातच धरलेलं होतं, त्यामुळे आम्हाला झळ लागली नाही. नवऱ्याचा पेशाच विजेचा, त्याने करार वाचूनच घर घेतलं होतं. जोखीम घ्यायची नसेल तर ठरावीक दराचा करार घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

फेब्रुवारीत उजेड परत येतो, आणि येतो तो रोज पाच-सहा मिनिटांनी वाढत. मार्च म्हणजे तिथला सगळ्यात देखणा महिना. समुद्र गोठलेला, वर बर्फ, त्यावर ऊन, डोळे दिपतात. आम्ही त्या गोठलेल्या समुद्रावर चालत गेलो. त्या किनाऱ्याची जमीन हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यामुळे आजही वर्षाला आठेक मिलिमीटर वर येते आहे. जुन्या वासाचं बंदर याच कारणाने उथळ होत गेलं, आणि १८५२ च्या आगीनंतर गावच सात किलोमीटर समुद्राकडे सरकवलं. त्या किनाऱ्यालगतचा द्वीपसमूह आता जागतिक वारसा आहे. त्या दिवशी मी लेकाला हे सांगत होते आणि मध्येच लक्षात आलं की चार महिन्यांनी मी पुन्हा शिकवते आहे.

तिथून मी सातव्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागले.

शिक्षिका म्हणून नोकरी लगेच मिळण्यासारखी नव्हती. तिथे शाळेत शिकवायला पदव्युत्तर पदवी तर लागतेच, शिवाय शिक्षणशास्त्र त्यांच्या पद्धतीचं आणि भाषा अस्खलित. भाषेतही पेच, कारण वासात फिनिश आणि स्वीडिश दोन्ही चालतात. स्वीडिश शिकायला सोपी म्हणतात. मी फिनिश घेतली, कारण गावात बहुसंख्य तीच बोलतात आणि लेकाची शाळा फिनिश. आणि शिकताना माझ्या लक्षात आलं की मराठी माणसाला ती वाटते तितकी परकी नाही. तिलाही विभक्ती आहेत. तालो म्हणजे घर, तालोस्सा म्हणजे घरात, तालोस्ता म्हणजे घरातून. आपण रस्ता म्हणतो आणि रस्त्यावर म्हणतो, शब्द प्रत्ययाआधी रूप बदलतो. त्यांचा कातु म्हणजे रस्ता, आणि रस्त्यावर म्हणजे कादुल्ला. इंग्रजीवरून शिकणारे वर्गमित्र इथे अडखळत होते आणि मी मनातल्या मनात मराठीत लावून घेत होते. ऑगस्टपासून रोज सकाळी चार तास वर्ग. काही महिन्यांनी मला एका शाळेत मदतनीस म्हणून काम मिळालं. पगार माझ्या नाशिकच्या हुद्द्याला शोभेसा नाही. पण सकाळी सातला अंधारात बाहेर पडायला मला कारण आहे.

दुसरा हिवाळा वेगळा गेला. अंधार तेवढाच होता. मी रोज सकाळी न्याहारीला प्रखर दिव्यासमोर अर्धा तास बसायचे. ड जीवनसत्त्व घ्यायचे. तिथे दुधातही ते मिसळलेलं असतं, पण आपल्या सावळ्या कातडीला उन्हातून ते बनवायला वेळ जास्त लागतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा. आणि मधल्या सुट्टीत मुलांबरोबर अंगणात उभी राहायचे, ढग असले तरी. मी कुणाला एकच गोष्ट सांगायची म्हटली तर हीच सांगेन की पहिल्यांदा जाताना एप्रिल-मेमध्ये जा, फार तर ऑगस्टच्या सुरुवातीला. शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात. उजेडात गाव ओळखीचं होऊ द्या, शेजारी ओळखीचे होऊ द्या, मग अंधार येऊ दे. डिसेंबरात निदान पांढरं बर्फ असतं, खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या असतात. नोव्हेंबरात पुष्कळदा काहीच नसतं, चिखल आणि काळोख. वर्षातून एकदाच भारतात यायचं असेल तर शक्यतो दिवाळीला या. मुलांच्या शाळेची परवानगी मिळत असेल तर तेवढी तरी सोय लावा.

आणि आता आठवा प्रश्न.

आईवडिलांना आपण मागाहून घेऊन जाऊ, असं सगळ्यांच्याच मनात असतं. फिनलंडच्या नियमांत नोकरीवर गेलेल्या माणसाचं कुटुंब म्हणजे जोडीदार आणि लहान मुलं. आईवडील त्यात धरत नाहीत. ते येऊ शकतात पाहुणे म्हणून, शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या थोड्या दिवसांच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस. २०२४ च्या उन्हाळ्यात अण्णा-आई आले होते. रात्री पावणेबाराला सूर्य मावळायचा. आईंना प्रश्न पडायचा की सांजवात कधी लावायची. शेवटी त्यांनी घड्याळाचे सात धरले आणि लख्ख उन्हात रोज दिवा लावला. अण्णा पहाटे साडेतीनला उजेडात उठून बसायचे. ते तीन महिने फार चांगले गेले.

बाकी नियमही बदलताहेत, कडक होताहेत. नागरिकत्वासाठी पूर्वी पाच वर्षांचा वास पुरायचा, ऑक्टोबर २०२४ पासून आठ लागतात. जून २०२५ पासून कामाच्या परवान्यावरच्या माणसाची नोकरी गेली तर दुसरी शोधायला तीन महिने मिळतात, विशेषज्ञ असेल किंवा दोन वर्षांहून जास्त काळ परवान्यावर राहिलेला असेल तर सहा. आपण घर विकून, नोकरी सोडून निघालो की हे सहा महिने किती छोटे वाटतात, ते निघायच्या आधी नवराबायकोने बसून बोलावं. आम्ही नाशिकचा फ्लॅट ठेवला आहे, तो यासाठीच.

या फेब्रुवारीत रात्री अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. वासात तेव्हा रात्रीचे साडेनऊ, नाशकात एक. आम्हाला कळलं दीड तासाने, अण्णा दवाखान्यात दाखल झाल्यावर. नवरा पहाटे निघाला. हेलसिंकी, दिल्ली, मुंबई आणि पुढे गाडीने नाशिक, घराच्या दारात पोचायला तीस तास लागले. मी त्या तीस तासांत काहीही करू शकत नव्हते. अण्णा बरे झाले. पण आठव्या प्रश्नासमोरची ती कोरी ओळ तेव्हा मला फार दिसली.

काल खालच्या सुनेला दाखवायला मी ती वही कपाटातून काढली. सातव्या प्रश्नापुढचं "बघू" तिला दाखवलं आणि तिला म्हटलं, तुझ्या नवऱ्याला इथे खरं उत्तर लिहायला लाव, कोर्सचं नाव, फी, तारीख. ती मान हलवत वाचत होती. मग तिचं बोट खाली गेलं. आठव्या प्रश्नापुढे आता अण्णांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं. मलाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी ते दवाखान्यातून आल्यावर केव्हातरी लिहिलं असणार.

"गोळ्या टीव्हीच्या खणात. रिक्षावाल्याचा नंबर कॅलेंडरवर. पोराला फोन डॉक्टरांशी बोलून झाल्यावरच करणे. घराची जादा किल्ली खालच्या सूनबाईकडे."

फेब्रुवारीच्या त्या रात्री एक वाजता कुलूप उघडून, अण्णांना खांद्याचा आधार देऊन जिना उतरवणारी तीच होती. ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. चहा तसाच राहिला. मग हळूच म्हणाली, "ताई, आम्ही गेलो तर ही किल्ली कुणाकडे देऊ?"